एम.टेक.साठी परदेशी विद्यापीठाशी भागीदारी: नव्या समन्वयकासाठी पायरीपायरीने

अभियांत्रिकी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय संबंधांचे काम नव्याने अंगावर आलेल्या प्राध्यापकाच्या हाती पहिल्या दिवशी बहुधा एक जाड फाइल दिली जाते. तिच्यात सात-आठ सामंजस्य करार असतात, प्रत्येकासोबत हस्तांदोलनाचे एक छायाचित्र असते, आणि त्यांपैकी एकाही करारान्वये आजवर एकही विद्यार्थी कुठे गेलेला नसतो. फाइल देणारे सहकारी सहानुभूतीने हसतात आणि आपल्या तासाला निघून जातात.

हा लेख त्या प्राध्यापकासाठी आहे. व्याप्ती मुद्दाम लहान ठेवली आहे: महाविद्यालय पुण्याच्या परिसरातले आणि स्वायत्त, अभ्यासक्रम यंत्र अभियांत्रिकीतला एम.टेक., कारखाने चाकण-तळेगाव पट्ट्यातले आणि जोडीदार विद्यापीठ जर्मनीतले. फ्रान्स, जपान किंवा ऑस्ट्रेलियाशी बोलणी चालू असतील तर नियम आणि तारखा बदलतील, कामाचा क्रम मात्र तोच राहील, आणि मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः त्या क्रमाविषयीच आहे. आपल्याकडे आधी करार होतो, मग घाईघाईने अभ्यासक्रम जुळवला जातो आणि अगदी शेवटी विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय शोधायला सांगितले जाते. हा क्रम नेमका उलटा करावा लागतो.

आधीच्यांनी काय केले

परदेशी मदतीने अभियांत्रिकी शिक्षण उभे करण्याचा आपला अनुभव जुना आहे. पवईची आयआयटी १९५८ साली युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने उभी राहिली, मद्रासची १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या मदतीने, आणि कानपूरच्या आयआयटीमागे नऊ अमेरिकी विद्यापीठांचा गट होता. त्या काळात भागीदारी म्हणजे यंत्रे आणि प्राध्यापक मिळणे, एवढा सरळ अर्थ होता.

आज आपल्याला उपयोगी पडेल असे उदाहरण बँकॉकचे आहे. तिथेही १९५९ सालीच जर्मनीच्या मदतीने एक तांत्रिक शाळा निघाली, आणि तिचेच पुढे किंग मोंगकुट्स युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी नॉर्थ बँकॉक हे विद्यापीठ झाले. या विद्यापीठाने आखेनच्या आरडब्ल्यूटीएच या तांत्रिक विद्यापीठाबरोबर थाई-जर्मन पदव्युत्तर अभियांत्रिकी विद्यालय स्थापन केले असून, राजकन्या सिरिंधोर्न यांचे नाव त्याला दिलेले आहे. आखेनच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, उद्योगातली इंटर्नशिप आणि शेवटी प्रबंध, अशी तिथली रचना आहे. या व्यवस्थेत जर्मन बाजूकडून अभ्यासक्रमाचा साचा आला, आणि प्रयोगशाळेचे बरेचसे काम थायलंडमधल्या कारखान्यांनी केले. आपल्याकडे ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाबरोबर पवईला २००८ साली सुरू झालेल्या आयआयटी बॉम्बे-मोनॅश रिसर्च अकॅडमीत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन्हीकडचे मार्गदर्शक असतात आणि पदवी दोन्ही संस्थांच्या नावाने मिळते. जलसुरक्षा आणि जागतिक बदल या विषयावर आयआयटी मद्रास आणि ड्रेस्डेन व आखेनची तांत्रिक विद्यापीठे यांनी संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमही काढला आहे. या मोठ्या संस्थांचे पाठबळ आपल्यापाशी नसते. पण चाकण आपल्यापाशी आहे, आणि हे भांडवल लहान नाही.

पहिली पायरी: कारखान्यातला प्रश्न

परदेशी विद्यापीठाला पहिला ईमेल पाठवण्याआधी दोन-तीन महिने कारखान्यांत जावे. तिथे मनुष्यबळ विभागाच्या कार्यालयात बसून काही हाती लागत नाही, कारण तो विभाग इंटर्न मोजतो. प्रश्न उत्पादन किंवा दर्जा विभागाच्या प्रमुखापाशी असतो. त्यालाही ‘आम्ही तुमच्यासाठी काय करू शकतो’ असे विचारू नये. ‘गेल्या सहा महिन्यांत कोणत्या कारणाने सर्वाधिक माल नाकारला गेला’ असे विचारावे, म्हणजे माणूस बोलू लागतो.

एक उदाहरण जवळून सांगतो. चाकणच्या एका गिअर कारखान्यात मी गेलो, तेव्हा दर्जा विभागाच्या प्रमुखांनी ‘आमच्या गिअरचा दर्जा सुधारण्यावर प्रकल्प द्या’ असे म्हटले. एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. त्यांच्यामागून शॉपफ्लोअरवर गेल्यावर खरी गोष्ट दिसली. कठीण केलेल्या गिअरच्या दातांचे ग्राइंडिंग झाल्यावर काही नग सौम्य नायट्रिक आम्लात बुडवून तपासले जात होते, आणि दर पाळीत दोन-तीन नगांच्या दातांच्या बुडाशी काळसर डाग उमटत होते. ग्राइंडिंगच्या उष्णतेने पृष्ठभाग जळल्याची ही खूण आहे; अशा दाताचा वरचा थर मऊ पडतो आणि तो गिअर रस्त्यावर लवकर निकामी होतो. यंत्रावरचा कामगार म्हणाला, ‘सर, कूलंटचं नोझल हललं की होतं, पण साहेबांना कागद पाहिजे.’ प्रबंधाचा विषय त्या वाक्यातच होता: कूलंटचा प्रवाह आणि नोझलचा कोन यांचा पृष्ठभागातल्या अवशिष्ट ताणाशी (प्रक्रियेनंतर धातूत अडकून राहिलेल्या ताणाशी) संबंध काय, आणि आम्लात न बुडवता तो दोष यंत्रावरच कसा ओळखता येईल.

या प्रश्नाची गंमत अशी की, त्याचा अर्धा भाग चाकणला सुटतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी क्ष-किरणांनी अवशिष्ट ताण मोजणारी, ग्राइंडिंगचा सखोल अनुभव असलेली प्रयोगशाळा लागते. अशी प्रयोगशाळा शोधायला निघालात, की जोडीदार विद्यापीठांची यादी आपोआप तीन-चार नावांवर येते, आणि त्यांना पाठवायच्या पत्रात लिहिण्यासारखे काही तरी असते. असे दोन किंवा तीन प्रश्न हाती असावेत. दहा जमवण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रत्येक प्रश्नासाठी कारखान्याकडून एका पानाचे पत्र घ्यावे. त्यात प्रश्न दोन वाक्यांत मांडलेला असावा, मार्गदर्शक अभियंत्याचे नाव आणि तो सोडून गेल्यास दुसरा कोण ते असावे, विद्यार्थ्याला कोणती माहिती आणि किती यंत्रवेळ मिळेल ते असावे, आणि गेटपास, सेफ्टी शूज, कँटीन, अपघात विमा यांची जबाबदारी कोणाची तेही असावे. शेवटच्या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण विम्याचा कागद नाही म्हणून विद्यार्थी पंधरा दिवस गेटबाहेर थांबलेला मी पाहिला आहे.

दुसरी पायरी: भागीदारीचा प्रकार

विद्यापीठ अनुदान आयोगाने २ मे २०२२ रोजी अधिसूचित केलेल्या विनियमांत तीन प्रकार सांगितले आहेत. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेचीच राहते आणि विद्यार्थ्याला परदेशी संस्थेत एकूण श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) जास्तीत जास्त ३० टक्के श्रेयांक मिळवता येतात. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांकडे किमान ३० टक्के श्रेयांक पूर्ण करावे लागतात आणि प्रमाणपत्र एकच, दोघांच्या चिन्हांसह मिळते. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था स्वतंत्र पदव्या देतात, पण त्या एकाच विषयातल्या आणि एकाच पातळीच्या असाव्या लागतात, आणि भारतीय संस्थेत किमान ३० टक्के श्रेयांक घ्यावेच लागतात. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांना हे विनियम लागू नाहीत आणि फ्रँचायझीला, म्हणजे परदेशी संस्थेच्या वतीने तिचा अभ्यासक्रम इथे चालवायला, बंदी आहे.

आयोगाच्या वेगळ्या मंजुरीवाचून पुढे जायचे असेल, तर भारतीय संस्थेला नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण असावेत, किंवा ती एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरांत असावी, किंवा तिला विशेष प्रतिष्ठेच्या संस्थेचा (इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स) दर्जा असावा. आणि परदेशी संस्था टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत असावी. तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मंजुरी याशिवाय लागते, तेव्हा त्या वर्षीची मंजुरी-पुस्तिका काढून तारखा पाहाव्यात. तुमचे महाविद्यालय स्वायत्त असले तरी पदवी संलग्न विद्यापीठच देत असेल, तर विद्यापीठाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. कुलसचिव कार्यालयाला शेवटी कळवले, की फाइल तिथे मुक्कामाला राहते.

नव्या समन्वयकाने दुहेरी पदवीपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्राचार्यांना आणि व्यवस्थापनाला माहितीपत्रकावर ‘दोन पदव्या’ हे शब्द हवे असतात, हे मान्य. परंतु दुहेरी पदवीत जर्मन परीक्षा-नियमावली, प्रवेशाच्या अटी आणि प्रबंधाचे मूल्यमापन हे सारे पहिल्याच वर्षी जुळवावे लागते आणि तेवढी ओळख दोन्हीकडे झालेली नसते. दोन विद्यार्थी, एक सत्र, ट्विनिंगच्या मर्यादेत, एवढ्यावर पहिली दोन वर्षे काढावीत.

तिसरी पायरी: जोडीदार निवडणे

जर्मनीत इथे एक पेच आहे, आणि तो नवख्या माणसाच्या लक्षात उशिरा येतो. तिथे दोन प्रकारच्या संस्था आहेत. एकीकडे आखेन, ड्रेस्डेन, कार्ल्सरुह, श्टुटगार्ट यांसारखी तांत्रिक विद्यापीठे आहेत, आणि अशा नऊ प्रमुख विद्यापीठांचा टीयू-९ नावाचा गट आहे. दुसरीकडे उपयोजित विज्ञानांची विद्यापीठे आहेत. त्यांतल्या प्राध्यापकाला नेमणुकीआधी किमान पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव, आणि त्यातली किमान तीन वर्षे उच्च शिक्षणसंस्थेबाहेरची, अशी अट असते. उद्योगाभिमुख शिक्षणाला ही दुसरी जात अधिक जवळची आहे. पण त्यांपैकी बहुतेक संस्था जागतिक क्रमवारीत दिसतच नाहीत, त्यामुळे आयोगाची आपोआप मिळणारी परवानगी त्यांना लागू पडत नाही. म्हणजे जी संस्था आपल्या कामाला अधिक योग्य, तिच्याशी कागद करणे अधिक अवघड. श्रेयांकांच्या देवघेवीसाठी तांत्रिक विद्यापीठ घ्यावे आणि उपयोजित विद्यापीठातल्या प्राध्यापकाला प्रबंधाचा सहमार्गदर्शक किंवा अतिथी व्याख्याता म्हणून बोलवावे, असा मध्यम मार्ग काढता येतो.

पत्र आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लिहू नये. ते प्रयोगशाळेच्या प्राध्यापकाला लिहावे. गिअर ग्राइंडिंगचा प्रश्न असेल, तर आखेनच्या १९०६ साली स्थापन झालेल्या यंत्रसाधन प्रयोगशाळेसारखी जागा डोळ्यांसमोर ठेवून दीड पानाचे पत्र लिहावे: प्रश्न, त्यावर आतापर्यंत मोजलेली माहिती, कारखान्याचे पत्र, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे. महाविद्यालयाच्या स्थापनेचा इतिहास आणि संस्थापकांचे चरित्र गाळावे. ज्या प्राध्यापकाला प्रश्नात रस वाटेल, तोच पुढे आपल्या विद्यापीठाच्या कार्यालयातून कागद हलवून घेईल.

उद्योगाची जोड दोन्हीकडे असते, हेही विसरू नये. आखेनच्या विद्यापीठातले प्राध्यापक फ्रान्झ पिशिंगर यांनी १९७८ साली इंजिन-संशोधनासाठी एफईव्ही ही कंपनी काढली, आणि आज त्या कंपनीचे तांत्रिक केंद्र तळेगावला आहे. पुण्याच्या आसपास असे धागे बरेच सापडतात, आणि एखादी कंपनी दोन्ही टोकांना असली की बोलणी फार सोपी होतात. प्रश्न मोठा असेल आणि पैसा लागणार असेल, तर भारत-जर्मन विज्ञान व तंत्रज्ञान केंद्राच्या ‘२+२’ योजनेकडे पाहावे. दोन्ही देशांतून प्रत्येकी एक शैक्षणिक आणि एक औद्योगिक भागीदार, अशीच तिची अट आहे.

चौथी पायरी: श्रेयांकांचा तक्ता

सगळी भागीदारी खरे तर या एका पानावर उभी असते. म्हणून इथे घाई करू नये.

एआयसीटीईच्या एम.टेक.च्या नमुना अभ्यासक्रमात एकूण ६८ श्रेयांक आहेत: पहिली दोन सत्रे प्रत्येकी १८, पुढची दोन प्रत्येकी १६. तिसऱ्या सत्रात दोन वैकल्पिक विषयांचे सहा आणि प्रबंधाच्या पहिल्या टप्प्याचे दहा, चौथ्या सत्रात प्रबंधाच्या दुसऱ्या टप्प्याचे सोळा. म्हणजे पदवीतले २६ श्रेयांक, सुमारे ३८ टक्के, एकट्या प्रबंधाचे आहेत. प्रबंध आधी ठरवा, असे मी सुरुवातीला म्हटले त्यामागे हा साधा हिशेब आहे.

आता ट्विनिंगची ३० टक्क्यांची मर्यादा लावून पाहा. ६८चे ३० टक्के म्हणजे २०.४. तिसरे सत्र परदेशात केले, तर १६ श्रेयांक, म्हणजे साडेतेवीस टक्के होतात, आणि ते मर्यादेत बसतात. तिसरे आणि चौथे अशी दोन्ही सत्रे तिकडे केली तर ३२ श्रेयांक, म्हणजे ४७ टक्के होतात, आणि कार्यक्रम ट्विनिंग राहत नाही. ‘शेवटचे वर्ष जर्मनीत’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी हा भागाकार एकदा तरी करावा. आपल्या आखणीत तिसरे सत्र जर्मन प्रयोगशाळेत आणि चौथे चाकणच्या कारखान्यात, अशी विभागणी नैसर्गिकपणे बसते: मोजायला तिकडे शिकायचे आणि यंत्रावर लावून पाहायचे इकडे.

युरोपातल्या श्रेयांक-पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० आणि सत्राचे ३० श्रेयांक असतात, आणि एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे एकूण काम, त्यात घरी केलेला अभ्यासही आला. आपल्याकडे परंपरेने एक श्रेयांक म्हणजे सत्रातले १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. तासाला तास लावून बसलात तर वाद संपत नाही. व्यवहारात सत्राला सत्र धरावे, म्हणजे त्यांचे ३० बरोबर आपले १६, आणि मग प्रत्येक विषयाचा भाग त्या प्रमाणात काढावा. त्यांचा सहा श्रेयांकांचा विषय या हिशेबाने ३.२ येतो, म्हणजे आपल्या तीन श्रेयांकांच्या वैकल्पिक विषयाच्या जागी तो बसतो.

तक्त्यात डावीकडे आपला विषय, उजवीकडे त्यांचा विषय आणि शेवटच्या रकान्यात पर्यायी विषय लिहावा. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा आहे, कारण एखादा विषय फक्त उन्हाळी सत्रात शिकवला जातो किंवा ऐनवेळी केवळ जर्मन माध्यमात निघतो, हे विद्यार्थी तिथे पोहोचल्यावर कळते. तक्ता अभ्यास मंडळाकडून विद्या परिषदेकडे जावा आणि त्याला मंजुरी विद्यार्थी जाण्याआधी मिळालेली असावी. परतल्यावर ‘बघू, काहीतरी करू’ असे आश्वासन देणारे परीक्षा नियंत्रक वर्षभरात बदललेले असू शकतात.

पाचवी पायरी: गुणांचे रूपांतर

जर्मन गुणपद्धतीत १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. आमच्या एका विद्यार्थिनीने १.३ हे उत्कृष्ट गुण आणले. परीक्षा विभागातल्या संगणकाला ही पद्धत कोणी सांगितलीच नव्हती. त्याने दहापैकी १.३ असे वाचून तिला अनुत्तीर्ण ठरवले, आणि ती गुणपत्रिका दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले. तिची त्या वेळची नोकरीची मुलाखत पुढे ढकलावी लागली. दोष कारकुनाचा नव्हता. रूपांतराचा नियम लिहून देणे माझे काम होते आणि ते मी केलेले नव्हते.

जर्मन विद्यापीठे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. समजा, तुमच्या विद्यार्थ्याचा सीजीपीए, म्हणजे दहापैकी एकूण सरासरी, ८.२ आहे आणि उत्तीर्णतेची किमान पातळी ४ आहे, तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, असे १.९ येतात. तीच किमान पातळी ५ असेल तर २.०८ येतात. म्हणून गुणपत्रिकेच्या मागे किमान उत्तीर्ण श्रेणी स्पष्ट छापलेली हवी. त्या एका ओळीवरून विद्यार्थी एखाद्या अटीच्या अलीकडे किंवा पलीकडे जातो. उलट दिशेने, म्हणजे त्यांच्या गुणांवरून आपली श्रेणी देताना, प्रत्येक पातळीसमोर आपले अक्षर लिहिलेला छोटा तक्ता विद्या परिषदेकडून मंजूर करून घ्यावा.

सहावी पायरी: दिनदर्शिका आणि पैसा

आपले तिसरे सत्र जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होते, तर जर्मनीतले हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असते. वर्ग साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात, परीक्षा पुढे मार्चपर्यंत लांबतात. म्हणजे विद्यार्थी परत येईपर्यंत आपले चौथे सत्र निम्मे संपलेले असते. यावर उपाय एकच: जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने कारखान्यात घालवून प्रबंधाची पायाभूत मोजमापे घ्यायची, नमुने तयार करायचे आणि मग निघायचे, शिवाय प्रबंध सादर करण्याची मुदत या विद्यार्थ्यांसाठी वाढवून घेण्याचा ठराव आधीच करून ठेवायचा. धातूचे नमुने सोबत न्यायचे असतील तर कारखान्याचे पत्र आणि सीमाशुल्काची कागदपत्रे घ्यावीत. बॅगेत गिअरचे कापलेले दात घेऊन विमानतळावर स्पष्टीकरण देणे फारसे सुखाचे नसते.

पैशाचा हिशेब विद्यार्थ्याच्या पालकांसमोर, आकड्यांसह मांडावा. विनिमय करारात जर्मन बाजूचे शिक्षणशुल्क माफ असल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे. सत्र-वर्गणी मात्र भरावी लागतेच. निर्वाहाचा पुरावा म्हणून सप्टेंबर २०२४पासून दरमहा ९९२ युरो या दराने रक्कम दाखवावी लागते. गेट ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला मिळणारी दरमहा १२,४०० रुपयांची एआयसीटीई शिष्यवृत्ती परदेशातल्या सत्रात चालू राहील का, हे जाण्याआधी लेखी विचारून घ्यावे. आपल्याकडचे शुल्क त्या सत्रात किती घ्यायचे, हा प्रश्न लेखा विभागाला अप्रिय असतो, पण तोही आधीच सोडवावा. परदेशी संस्थेकडून महाविद्यालयाच्या खात्यावर पैसे येणार असतील तर सनदी लेखापालाचा सल्ला पहिल्या दिवशी घ्यावा.

सातवी पायरी: आता करार

इथवर आलात म्हणजे कारखान्याचा प्रश्न, दोन्हीकडचे मार्गदर्शक, श्रेयांकांचा तक्ता, गुणांचा नियम आणि तारखा हे सारे हातात आहे. सामंजस्य करार दोन पानांचा पुरतो; खरे काम त्याच्या परिशिष्टांत असते. त्यात अभ्यासक्रम अर्धवट सोडावा लागणाऱ्या विद्यार्थ्याला मिळवलेले श्रेयांक कसे मिळतील, याची वाट असावीच, आणि संयुक्त व दुहेरी पदवीसाठी तर विनियमांनीच ती सांगितली आहे.

सर्वांत जास्त वेळ बौद्धिक संपदेवर जातो. कारखान्याच्या वकिलाला सगळे गुप्त हवे असते, जर्मन प्राध्यापकाला निष्कर्ष प्रसिद्ध करायचे असतात आणि विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत सर्वांसमोर बोलायचे असते. कारखान्यात केलेल्या प्रबंधाचेही मूल्यमापन विद्यापीठाचा प्राध्यापकच करतो, म्हणून परीक्षकाला पूर्ण मजकूर वाचायला मिळालाच पाहिजे. वाचनालयात ठेवण्याच्या प्रतीवर ठरावीक काळाची बंदी घालता येते. जर्मनीत अशी नोंद प्रबंधाच्या पहिल्या पानावर करण्याची रूढी आहे. आधीपासून ज्याची होती ती माहिती त्याचीच राहील, आणि नव्याने जे निघेल त्याची मालकी कोणाची, हे दोन परिच्छेद वेगळे लिहावेत. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३९नुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशात थेट पेटंट-अर्ज करता येत नाही. आधी परवानगी घ्यावी लागते, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. जर्मन सहकाऱ्यांना हे माहीत नसते आणि ते उत्साहाने अर्ज तयार करू लागतात.

‘वॉशिंग्टन करारामुळे तुमची एम.टेक. तिकडे आपोआप मान्य होते’ असे बैठकीत कोणी म्हणाले, तर नम्रपणे थांबवावे. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांचे मूल्यांकन देशोदेशी परस्परांनी मान्य करण्याचा तो करार आहे. आपली मूल्यांकन संस्था एनबीए २०१४ साली त्याची पूर्ण सदस्य झाली हे खरे, पण तो पदवीपूर्व अभियांत्रिकी अभ्यासक्रमांपुरता आहे.

आठवी पायरी: विद्यार्थी

निवड केवळ गुणांवर करू नये. ज्याने कारखान्यात हात काळे केले आहेत आणि ज्याला प्रश्न आपला वाटतो, तो कमी गुणांचा असला तरी चालतो. निवड तिसऱ्या सत्राच्या आधी किमान सात-आठ महिने व्हावी, कारण ९० दिवसांहून अधिक मुक्कामासाठी राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि मुलाखतीच्या तारखा लवकर भरतात. पूर्ण पदवीसाठी जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आधीची शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, लागते. एका सत्रासाठी जाणाऱ्यांना लागू असलेला नियम दूतावासाच्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहून घ्यावा.

भाषेची तयारी निवड झाल्या दिवसापासून सुरू करावी. वर्ग इंग्रजीत असले तरी कार्यशाळेतला तंत्रज्ञ बहुधा जर्मनच बोलतो, आणि यंत्र त्याच्या ताब्यात असते. पुण्यात जर्मन शिकवणारी मॅक्समुल्लर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट असताना ए-२ या प्राथमिक पातळीपर्यंत न पोहोचण्याला सबब नाही.

विद्यार्थी तिकडे असताना पंधरवड्यातून एकदा अर्ध्या तासाची बैठक ठेवावी, आणि तिला दोन्ही मार्गदर्शकांबरोबर कारखान्यातला अभियंताही असावा. भारतीय वेळेनुसार दुपारी दीडची वेळ बरी, कारण तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि चाकणला पहिल्या पाळीचे जेवण आटोपलेले असते. बैठकीची टिपणे विद्यार्थ्याने त्याच दिवशी तिघांना पाठवावीत. विषय बदलला, यंत्र बंद पडले, मार्गदर्शक रजेवर गेले, हे सगळे त्या टिपणांतून दिसते आणि मुदतवाढीच्या वेळी तोच कागद कामी येतो.

विद्यार्थी परत आल्यावर त्याची मूळ गुणपत्रिका, श्रेयांकांचा मंजूर तक्ता आणि रूपांतराचा नियम या तिन्ही गोष्टी एकाच लिफाफ्यात घालून परीक्षा विभागाला स्वतः नेऊन द्याव्यात आणि पोच घ्यावी. त्याची एक प्रत त्या जाड फाइलमध्ये, करारांच्या वर लावावी. पुढच्या समन्वयकाला फाइल उघडताच आधी एका विद्यार्थ्याचे नाव दिसेल.